१५६५ विजय, १५६३ पराभव : कात्सुया नोमुराला थोर मॅनेजर म्हणायचं का?

निशिकासाईकर (धागाकर्ता)

बेसबॉलवर मराठीत लिहायचं म्हणजे आधी शब्दांशी मारामारी. आपण 'पिच' म्हटलं की खेळपट्टी डोळ्यांपुढे येते, इथे पिच म्हणजे टाकलेला चेंडू. आपला टीम मॅनेजर हॉटेल आणि बसची व्यवस्था बघतो, इथला मॅनेजर (जपानीत 'कांतोकु') संघ निवडतो, डावपेच ठरवतो आणि हरल्यावर शिव्याही तोच खातो. कॅचरला आपण विकेटकीपर समजतो. पण बॉलर काय टाकणार हे कीपर नुसतं ओळखतो, कॅचर ते स्वतः ठरवतो आणि बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. इतर सगळे क्षेत्ररक्षक बॅटरकडे तोंड करून उभे असतात. त्याच्या मागे बसून अख्ख्या मैदानाकडे बघणारा हा एकटाच.

प्रस्तावना पुरे. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर जिंगू स्टेडियमला याकुल्ट स्वॅलोजची मॅच बघितली. हे मैदान १९२६चं. घरच्या संघाची धाव झाली की अख्खा स्टँड छोट्या छत्र्या उघडून नाचवतो, पाऊस असो वा नसो. बिअर घेता घेता सहकारी म्हणाला, "याकुल्टच्या इतिहासाचे दोनच भाग आहेत, नोमुराच्या आधीचा आणि नंतरचा." घरी येऊन नोमुराचे आकडे काढले आणि अडकलो. मॅनेजर म्हणून ३२०४ सामने, १५६५ जिंकले, १५६३ हरले, ७६ बरोबरीत. चार संघ, २४ हंगाम, आणि शिल्लक फक्त दोन विजय! वाण्याने एवढ्या नफ्यावर दुकान चालवलं नसतं.

आता माणूस कोण ते. जन्म १९३५, गाव आमिनो. जिल्हा क्योतो, पण देवळांच्या क्योतो शहरापासून लांब, जपानच्या समुद्राकाठी. तांगो चिरिमेन नावाचं रेशमी क्रेप विणणाऱ्या मागांचा हा मुलूख. वडील चीनमधल्या युद्धात गेले तेव्हा हा तीन वर्षांचा. आई नर्स, तीही आजारी. पोरगा पेपर टाकायचा. थोरल्या भावाने पुढच्या शिक्षणावर पाणी सोडलं म्हणून याची हायस्कूल पूर्ण झाली.

नोमुरा लहानपणापासून टोकियोच्या जायंट्सचा भक्त. पण संघ निवडताना भक्ती बाजूला ठेवली आणि प्रत्येक संघाच्या कॅचरचं वय बघितलं. जायंट्सने नुकताच एक गाजलेला तरुण कॅचर घेतला होता, म्हणजे तिथे वर्षानुवर्षं बाकड्यावर बसणं आलं. ओसाकाच्या नानकाई हॉक्सकडचा कॅचर वयाने मोठा होता. म्हणून नानकाई. १९५४ साली निवड चाचणीतून आत गेला. काम काय, तर सरावात पिचरांचे चेंडू अडवायचे. या कामाला जपानीत 'भिंत' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर संघ नारळ द्यायला निघाला, तेव्हा पठ्ठ्या म्हणाला की काढलंत तर तुमच्याच नानकाई रेल्वेखाली जीव देतो. संघ त्या रेल्वे कंपनीचाच. ठेवून घेतला.

मग काय झालं? १९५७ला होमरन्समध्ये (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सर) लीगमध्ये पहिला, १९६१ ते १९६८ सलग आठ वर्षं पुन्हा पहिला. १९६३ला ५२ होमरन्सचा जपानी विक्रम (पुढच्याच वर्षी सादाहारू ओहने ५५ मारून मोडला). १९६५ला ट्रिपल क्राउन, म्हणजे सरासरी, होमरन्स आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेल्या धावा) या तिन्हींत अव्वल : .३२०, ४२ आणि ११०. युद्धानंतर जपानमध्ये हे करणारा तो पहिला. कारकिर्दीत ६५७ होमरन्स, त्याच्या पुढे फक्त ओह, ८६८. आणि १९७०पासून वयाच्या पस्तिशीत तोच कॅचर, तोच चौथ्या क्रमांकाचा बॅटर आणि तोच मॅनेजर. हातात आलेला संघ आदल्या वर्षी तळाला होता.

खेळाडू म्हणून वादच नाही. प्रश्न मॅनेजरचा आहे. निम्मे सामने हरणाऱ्याला थोर म्हणायचं का?

लेगबाय

धागा आवडला. माझा हिशेब साधा आहे, नाही म्हणायचं. त्याच काळात तेत्सुहारू कावाकामी जायंट्सला १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जपान सीरिज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकून देत होता. नऊ! त्याच्यापुढे ५० टक्केवाला माणूस थोर कसा? आपल्याकडे एखादा कोच निम्म्या मॅच हरला तर चहाच्या टपरीवर त्याचं श्राद्ध घालतील.

खडूस_ओपनर

मॅनेजर जाऊ दे, मला कॅचरमध्ये रस आहे. हा तोच ना, जो बॅटरच्या कानाशी कुजबुजायचा? आमच्या मैदानावरचे कीपर याच जातकुळीतले. "काय रे, काल कुठे होतास रात्री?" एवढंच हळू म्हणायचे, अंपायरला ऐकू जाणार नाही असं.

निशिकासाईकर

तोच. जपानीत त्याला 'सासायाकी' म्हणजे कुजबुजच म्हणतात. आणि कुजबूज पोकळ नसायची. ज्या बारमध्ये खेळाडू जातात तिथे जाऊन हा माहिती काढायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐन चेंडूच्या वेळी अमुक बाईंची चौकशी करायचा. बॅटरचं लक्ष उडालंच.

दोघांवर मात्रा चालली नाही. ओह हसून, सभ्यपणे उत्तर द्यायचा, पण पिचरने हालचाल सुरू केली की कान बंद, समाधी लागल्यासारखा. जायंट्सच्या नागाशिमाचं वेगळंच. नोमुरा एक विचारायचा, तो भलतंच उत्तर द्यायचा आणि चेंडू भिरकावून द्यायचा. ज्याचं मुळात लक्षच नाही त्याचं लक्ष उडवणार कसं?

सायली_ओसाका

लेगबाय, नोमुराच्या हाती आलेले संघ बघा ना आधी. कावाकामीकडे ओह आणि नागाशिमा एकाच रांगेत होते. नोमुराने चार व्यावसायिक संघ सांभाळले : नानकाई, याकुल्ट, हानशिन, राकुतेन. एकही संघ त्याच्या हाती चालत्या गाडीसारखा आला नाही. राकुतेन तर २००५ला जन्मला, पहिल्या वर्षी ३८ विजय, ९७ पराभव. त्या खड्ड्यात हे गृहस्थ सत्तराव्या वर्षी उतरले, आणि २००९ला तोच संघ लीगमध्ये दुसरा. ही शून्यातून केलेली पेरणी आहे, जायंट्सच्या बागायतीशी तुलना कशाला?

आता माझी आवडती गोष्ट. १९९२. नोमुराच्या याकुल्टने १४ वर्षांनी लीग जिंकली. जपान सीरिजला समोर सेइबू, त्या काळचा दादा संघ. सातवा सामना, सातवी इनिंग (सामना नऊ इनिंगचा असतो), १-१. तिन्ही बेस (धाव पुरी करायला गाठायचे टप्पे, शेवटचा म्हणजे होम) भरलेले, एकच आउट. जमिनीलगतचा फटका सेकंड बेसमनकडे गेला, त्याने होमला फेकला आणि तिसऱ्या बेसवरून निघालेला हिरोसावा आउट. नंतर दहाव्या इनिंगमध्ये याकुल्ट २-१ हरलं.

दुसरा कोणी "नशीब" म्हणून घरी गेला असता. नोमुराने त्या एका धावेचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या बेसवरच्या माणसाने चेंडू जमिनीवर पडतोय का याची वाट बघायची नाही. बॅटला चेंडू लागला की निघायचं, हवेत उडाला तर आउट, नशिबाचा खेळ. याला इथे 'गॅम्बल स्टार्ट' म्हणतात. वर्षभर सराव. १९९३ला पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा सातवा सामना. आठव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर फुरुता, बॅटिंगला तोच हिरोसावा. फटका शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). फुरुता आधीच सुटला होता, होमला पोहोचला. ४-२. याकुल्ट चॅम्पियन.

यातली गंमत अशी की त्या क्षणी पळायचा हुकूम बाकावरून आलेला नव्हता. फुरुताने स्वतः ठरवलं.

हिशेबनीस

सायलीताई, लय भारी! वाचनखूण साठवली.

फुरुता हाही कॅचर आणि तोही चष्मेवाला. चष्मेवाला कॅचर चालत नाही असा तेव्हा समज होता. नोमुरा बाकावर त्याला शेजारी बसवून प्रत्येक चेंडूचा हिशेब मागायचा. "हा का मागवलास?" याला उत्तर लागायचं. "असंच वाटलं" म्हटलं की झाली रात्र. म्हणूनच फुरुता हुकुमाशिवाय धावला यात मला मॅनेजरचा पराभव दिसत नाही.

अवांतर : 'आयडी बेसबॉल' हा शब्द नोमुराचाच. इम्पोर्ट डेटा. आज प्रत्येक संघात लॅपटॉप घेतलेली पोरं असतात, याच्याकडे वही होती.

गोदाकाठ

मी वाचनमात्र असते. एक प्रश्न. नोमुराने स्वतःला कुठल्या तरी फुलाची उपमा दिली होती असं कुठेतरी वाचलं होतं. कोणतं फूल?

निशिकासाईकर

गोदाकाठ, त्सुकिमिसो. शब्दशः 'चंद्र बघणारं रोप', संध्याकाळी उमलतं. १९७५च्या मे महिन्यात त्याचा ६००वा होमरन झाला, आणि स्टेडियम बरंचसं रिकामं. कारण तो पॅसिफिक लीगमध्ये. गर्दी, टीव्ही, पेपर सगळं सेंट्रल लीगमधल्या जायंट्सकडे. तेव्हा तो म्हणाला की ओह आणि नागाशिमा ही सूर्यफुलं, आणि मी कोणी बघत नसताना गुपचूप उमलणारं त्सुकिमिसो.

गोदाकाठ

म्हणजे आपल्या गुलबक्षीसारखं! आमच्या परसात आहे, दिवे लागायच्या सुमारास फुलते. तिच्याकडेही कोणी बघत नाही. जास्वंदीचं कौतुक सगळ्यांना.

खडूस_ओपनर

गुलबक्षी +१. मात्र जो माणूस पत्रकारांना बोलावून "माझ्याकडे कोणी बघत नाही" म्हणतो, तो तितकाही गुपचूप नसतो बरं का.

लेगबाय

अगदी! हेच म्हणायचं होतं. ही गुलबक्षी भलतीच बोलकी होती. मॅच हरल्यावर पत्रकारांपुढे स्वतःच्याच खेळाडूंची कुरकुर, त्याला म्हणे 'बोयाकी' म्हणतात आणि लोक टीव्हीवर चवीने ऐकायचे.

आणि १९६५च्या ट्रिपल क्राउनचं पूर्ण सांगा की. त्या वर्षी होमरन्समध्ये हान्क्यू संघाचा अमेरिकन डॅरिल स्पेन्सर त्याच्या मानगुटीवर बसला होता. तर प्रतिस्पर्धी पिचर स्पेन्सरला मुद्दाम वॉक देऊ लागले, म्हणजे मारायला चेंडूच नाही. वैतागून तो बॅट उलटी धरून उभा राहिला. शेवटी मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडला आणि शर्यत संपली. हा किताब निर्मळ वाटतो तुम्हाला?

वर हानशिन टायगर्स. १९९९, २०००, २००१. तीन हंगाम, तिन्ही वेळा शेवटचा नंबर. सायलीताई ओसाकात आहेत, हानशिनवाल्यांना विचारा पेरणी कशी झाली ते.

सायली_ओसाका

विचारलं आहे हो, आमच्या इमारतीत सगळे हानशिनवालेच आहेत. स्पेन्सरचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. परदेशी खेळाडूला विक्रमाच्या आड येऊ न देण्याचा तो काळाचा रोग होता आणि नोमुरा त्याचा लाभार्थी.

हानशिनचंही खरं. त्या संघाला बोलणी खायची सवय नव्हती, आणि यांना बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. पण वेगवान आकाहोशी त्याच काळात घेतला गेला, पहिल्याच वर्षी, २००१ला, सर्वाधिक बेस चोरून (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळून) सर्वोत्तम नवोदित ठरला. २००३ला पुढचा मॅनेजर होशिनो याने लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. नोमुरा मात्र पत्नीच्या करचुकवेगिरीच्या प्रकरणात डिसेंबर २००१ला पायउतार झालेला. १९७७लाही नानकाईने त्याच बाईंवरून, तेव्हा लग्नही झालं नव्हतं, 'खाजगी आयुष्य आणि संघ यांची सरमिसळ' म्हणून काढलं होतं. दोन्हीवेळा तो बाईंच्या बाजूने उभा राहिला. यात शहाणपण किती ते ज्याने त्याने ठरवावं.

हिशेबनीस

बोलणी खाणारे म्हणून आठवलं. नोमुराचं खरं भांडवल म्हणजे इतरांनी टाकलेले खेळाडू. पेपरवाले त्याला 'नोमुराचा रीसायकल कारखाना' म्हणायचे. १९९७चा पहिला सामना, जायंट्सविरुद्ध, समोर पिचर साइतो मासाकी. हिरोशिमाने सोडून दिलेला कोबायाकावा याने एकाच सामन्यात तीन होमरन्स ठोकले. त्या वर्षी याकुल्ट चॅम्पियन. राकुतेनमध्ये यामासाकी ताकेशी, २००७ला ४३ होमरन्स, लीगमध्ये पहिला, वय ३८.

पण सगळ्यात मोठी दुरुस्ती एनात्सु युताकाची. आग ओकणारा डावखुरा पिचर, हानशिनकडून १९७६ला नानकाईत आला तेव्हा खांदा आणि कोपर थकलेले. नोमुरा म्हणाला, शेवटच्या एकदोन इनिंगपुरता ये. त्या काळी हे अपमानास्पद, सामना सुरू करतो तो खरा पिचर. एनात्सु हटून बसला. मग नोमुराने त्याला बेसबॉलमध्ये क्रांती करण्याची भाषा सुनावली. एनात्सुला इतिहासाचं वेड, त्यात तो अडकला. पुढे हाच एनात्सु जपानचा सर्वांत नावाजलेला शेवटच्या इनिंगचा पिचर झाला.

आणि हा किस्सा ऐका. १९७२ला हान्क्यूच्या फुकुमोतोने १०६ बेस चोरले. नोमुराचा हात काही तोफ नव्हता, फेकीवर त्याला पकडणं अशक्य. मग त्याने हिशेब केला की वेळ माझ्या फेकीतच वाचवायला पाहिजे असं कुठे आहे? पिचर पाय वर उचलण्यात जो वेळ घालवतो तो कापा. पिचरांना पाय जेमतेम उचलून टाकायला लावलं. 'क्विक मोशन'. आज जपानमध्ये शाळकरी पिचरही हे शिकतो.

लेगबाय

हिशेबनीस, हे मात्र मस्त. स्वतःचा हात कमजोर म्हणून दुसऱ्याचा पाय छाटला!

निशिकासाईकर

लेगबाय, तुम्ही नकळत माझ्या मनातलं बोललात. महिनाभर वाचून माझं मत असं झालंय की मॅनेजर नोमुरा खेळाडू नोमुराच्या उणिवांतून जन्मला.

१९५७ला होमरन किंग झाला आणि पुढची दोन वर्षं आपटला. कर्व्ह चेंडू खेळताच येईना. रोज हजारो वेळा बॅट फिरवून बघितली, फरक नाही. मग ठरवलं की आपल्याला जमत नाही तर काय येणार ते आधी ओळखायचं. निशितेत्सुचा इनाओ हा तेव्हाचा सर्वोत्तम पिचर. एका ओळखीच्या माणसाला सांगून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर त्याची फिल्म घेतली आणि पुन्हा पुन्हा बघितली. चेंडू धरायच्या पद्धतीतून काय येणार ते कळू लागलं. गंमत म्हणजे ऑल स्टार सामन्याच्या वेळी नानकाईचाच सुगिउरा इनाओसमोर बोलून गेला की हा तुझा फार अभ्यास करतो. इनाओचा चेहरा बदलला आणि पुढच्या गाठीला त्याची सवयही बदललेली!

१९७३ बघा. पॅसिफिक लीगने हंगाम दोन भागांत केला. पहिला भाग नानकाईने जिंकला. दुसऱ्या भागात हान्क्यूविरुद्ध १३ सामने, एकही विजय नाही, १२ पराभव, एक बरोबरी. मग प्लेऑफमध्ये त्याच हान्क्यूला ३-२ हरवून लीग जिंकली. 'मेल्याचं सोंग' असं लोक म्हणाले. वर्षभराचा हिशेब केला तर हान्क्यूचे विजय जास्त होते. आता सांगा, ते १२ पराभव १५६३मध्ये मोजायचे की नाही?

लेगबाय

मोजायचे! सोंग असो की खरं, स्कोअरबोर्डवर पराभव तो पराभव. :)

निशिकासाईकर

बरं बाबा. तो स्वतःही सबबी देत नसे. एदो काळातल्या मात्सुरा सेइझान नावाच्या तलवारबाज सरदाराचं एक वचन त्याच्या तोंडी असायचं : विजय कधीकधी न उलगडणारा असतो, पराभव मात्र कधीच नाही.

निवृत्तीचा किस्साही तसाच. १९७७नंतर मॅनेजरपद गेलं तरी तो साधा कॅचर म्हणून लोत्ते आणि मग सेइबूकडे खेळत राहिला. १९८०, वय ४५. एका सामन्यात ऐन वेळी त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवलं. बाकावर बसून हा मनात म्हणतोय, "हुकू दे, हुकू दे." तो खरंच डबल प्लेमध्ये (एका फटक्यावर दोघे आउट) गेला. नोमुराला बरं वाटलं, आणि घरी जाताना लक्षात आलं की आपण आपल्याच संघाचं वाईट चिंतलं. त्याच वर्षी थांबला. ३०१७ सामने.

खडूस_ओपनर

हे वाचून गप्प झालो. बाराव्या खेळाडूने एकदाही असं मनात आणलं नाही असं म्हणणारा खोटारडा.

हिशेबनीस

लेगबाय, शेवटचा मुद्दा, मग मी गप्प. १५६५मध्ये चेल्यांचे विजय धरलेले नाहीत. २०२१ला याकुल्टने जपान सीरिज जिंकली, मॅनेजर ताकात्सु, नोमुराच्या हाताखालचा पिचर. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण, मॅनेजर इनाबा, नोमुराच्या याकुल्टचा. २०२३ची वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, मॅनेजर कुरियामा, जो खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम, १९९०, नोमुराकडेच खेळला. सेइबूला २०१८ आणि २०१९ला लीग जिंकून देणारा त्सुजी, तोही कारकिर्दीच्या अखेरीस याकुल्टमध्ये याच्या हाताखाली. १९९२च्या त्या फटक्यावर हिरोसावाला होमला आउट करणारा सेकंड बेसमन हाच!

लेगबाय

शेवटचं माहीत नव्हतं. टोपी काढली. कुरियामा एकाच हंगामाचा, त्याला चेला म्हणणं ओढूनताणून आहे, तो वगळा. बाकीचे मान्य. 'थोर' नाही, 'थोर मास्तर' म्हणतो. तडजोड.

सायली_ओसाका

काल मुद्दाम नांबा पार्क्सला जाऊन आले. नानकाईचं ओसाका स्टेडियम इथेच होतं, आता मॉल आहे. होम प्लेट आणि पिचरची पाटी जिथे होती तिथे फरशीत खुणा बसवल्यात, लोक पिशव्या घेऊन त्यावरून चालतात. वर हॉक्सचं छोटं दालन आहे. १९७७चं भांडण इतकं मुरलं होतं की वर्षानुवर्षं त्या दालनात नोमुराचं नावच नव्हतं. ६५७ होमरन्सवाला माणूस स्वतःच्या संघाच्या इतिहासातून गायब. ११ फेब्रुवारी २०२०ला तो गेला, वय ८४. त्यानंतर त्याचा जुना पिचर एमोतो पुढे झाला, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०२१ला तिथे नोमुराचा कोपरा झाला. १९ नंबरची जर्सी बघितली.

खडूस_ओपनर

होम प्लेटच्या खुणेवर उभ्या राहिलात का?

सायली_ओसाका

मागे बसले. कॅचर बसतो तसं. दोन शाळकरी मुली बघून हसल्या. गुडघे अजून दुखतायत, आणि तो तीन हजार सामने तसा बसला होता.